जूनमधला वाटाणा

सैक, जबल अख्दर, ओमान
१८ ऑक्टोबर १९९८

आदरणीय आबांस,
सप्रेम जय भीम.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवावी, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तीन वर्षांत तुम्ही ती कळवलेली नाही. आईच्या पत्राच्या तळाशी 'ह्यांचं बरं आहे' एवढं असतं, त्यावर भागवते.

पत्ता बदलला आहे, तो कळवायला हे पत्र. अनुपच्या कंपनीला इथे डोंगरावर पाण्याच्या टाक्या बांधायचं काम मिळालं आणि आमचं मस्कतमधल्या अल हैलचं बिऱ्हाड उठलं. निझवाकडून वर यायला कच्चा रस्ता आहे, पायथ्याशी मिलिटरीचं फाटक आहे आणि परवाना दाखवल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. वळणं अशी की छोटी रश्मी दोनदा ओकली आणि तिसऱ्यांदा मी. पण वर पोचलो आणि गाडीचं दार उघडलं, तर थंडगार वारा! खाली मस्कतला लोक अजून एसीखाली बसलेत आणि इथे मी स्वेटर शोधतेय. ओमानमध्ये स्वेटर, आबा. आईला सांगा, तिने विणलेला तो निळा अखेर कामी आला.

राहायला पोर्टाकॅबिन आहे, म्हणजे पत्र्याची तयार खोली. कॅम्पात बायका म्हणाल तर मी एकटीच. भटारखान्यात हुसैनमियाँ आहेत, आपल्या रत्नागिरीकडचे. मी चिपळूणची म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'बाय' करून टाकलं. भाजीचा ट्रक आठवड्यातून एकदा खालून येतो आणि येईपर्यंत पालेभाजीचा चिखल झालेला असतो. मग उरलेले दिवस बटाटा, कांदा आणि डबाबंद वाटाणा.

तुम्हाला राग आहे तो मी जाणते. कृषी अधिकारी म्हणून लागलेली पोरगी दोन वर्षांत राजीनामा देऊन नवऱ्यामागे आखातात निघून गेली. त्यावर आज काही लिहिणार नाही. लिहिलं की आपलं दोघांचंही डोकं फिरतं.

त्यापेक्षा हे ऐका. कॅबिनच्या मागे बरी मोकळी जागा आहे. जागा म्हणजे नुसता कातळ आणि वर वीतभर खडी. इथे खणून काही होणार नाही हे बघताक्षणी कळलं, तेव्हा जमिनीच्या वर जायचं ठरवलं. साइटवर स्लॅबच्या टाकाऊ फळ्या पडल्या होत्या, त्या मागून घेतल्या. कॉलेजात शिकवले होते तसे चांगले गुडघाभर उंच गादीवाफे केले. तळाशी खडी, वर वाळकं गवत, त्यावर खालच्या ओढ्यातला गाळ. शेळ्यांचं लेंडीखतही आलं. पाण्याचा टँकर येतो, पण कॅम्प बॉसने भाजीला थेंब द्यायचा नाही म्हणून बजावलंय, तेव्हा तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, रश्मीच्या अंघोळीचं असं पाणी पिंपात साठवायचं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पेरणी झाली. अल हैलमध्ये आम्ही शेजारणी सगळ्या ऑक्टोबरातच पेरायचो. उन्हाळा सरला की लगेच. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा आणि हौस म्हणून फ्लॉवरची रोपं. हुसैनमियाँ बघायला आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "गो बाय, ह्या कबरी कोणाच्या बांधल्यास?" मी म्हटलं, थांबा, डिसेंबरात याच कबरीतला मुळा तुम्हाला चिरायला लावते.

मेथी उगवलीसुद्धा. आज सकाळी पाहिली.

आईला नमस्कार.

तुमची,
संध्या

*

सैक
२४ जानेवारी १९९९

आदरणीय आबांस,
सप्रेम जय भीम.

तुमचं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं आणि आधी नुसतं अक्षरच बघत बसले. मग मजकूर वाचला. 'लेंडीखत आलं असे लिहितेस. कोणी वाहिले? कळव.' बस, खाली सही. तहसील कचेरीतून रिटायर झालात, पण खाक्या गेला नाही.

बरं, कळवते. मी वाहिलं.

इथल्या वाडीतल्या बायकांच्या शेळ्या आहेत. त्यांच्या गोठ्यातून मी लेंड्या गोळा केल्या, पाटीत भरल्या आणि डोक्यावरून आणल्या. मजूर मागितले असते तर अनुपनी दिले असते. मागितले नाहीत, कारण कंपनीची माणसं बायकोच्या बागेला लावली असं कुणी बोललेलं मला चालणार नव्हतं. गाळही मीच आणला. फळ्यांना खिळेही मीच ठोकले. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, आता नवीन येतंय.

हे मागच्या पत्रात मी मुद्दाम गाळलं होतं, आणि तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत. तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. आजोबा. खोतांच्या शेतावर शेणाची पाटी डोक्यावर घेऊन जाणारे आजोबा, आणि त्यांच्यामागे चालणारे तुम्ही. 'माझ्या पोरांच्या डोक्यावर पाटी येणार नाही' हे तुम्ही आम्हाला अभ्यासाला बसवताना म्हणायचात. मी कृषी कॉलेजात जाते म्हटल्यावर तुम्ही तिसऱ्या दिवशी म्हणालात, जा, पण बांधावर उभी राहून सांगणारी हो. झाले होते मी तशी. जीपमधून उतरायचं, कागद वाटायचे, शेतकऱ्यांनी 'मॅडम, मॅडम' करायचं. आबा, दोन वर्षांत मी एक रोप स्वतःच्या हाताने लावलं नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही माझ्या जीपचं गावभर कौतुक करत होतात.

आजोबांनी वाहिलं ते दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या हुकमाने. मी वाहिलं ते माझ्या वाफ्यात, माझ्या मर्जीने. पाटी तीच दिसते, मान्य आहे. पण माझी मान दुखली तेव्हा मला राग आला नाही. उलट घरी येऊन आरशात बघून हसले. तुम्हाला हे पटणार नाही. नका पटवून घेऊ.

आता दुसरी बातमी, म्हणजे तुम्हाला खूश करणारी. सगळं गेलं.

ऑक्टोबरात उगवलेलं नोव्हेंबरात वाढायचंच थांबलं. वाटाणा वीतभर होऊन तसाच राहिला. वाफे उंच, चारी बाजूंनी वारा, फळ्यांच्या फटींतून माती सुकून जायची. पिंपभर पाणी ओतलं तरी संध्याकाळी धूळ. आणि डिसेंबरअखेर एका सकाळी बाहेर आले तर पानं पांढरी. मी हात लावला तर कुरकुरली. ऊन आलं तशी ती काळी पडून लोळली. दव गोठलं होतं. चिपळूणच्या मुलीने दव गोठलेलं कशाला पाहिलं असेल! रश्मी 'साखर, साखर' म्हणून नाचत होती आणि मी तिथेच खडीवर बसून भोकाड पसरलं. कॅम्पातली माणसं गुपचूप दुसरीकडे बघत होती. हुसैनमियाँनीसुद्धा कबरीचा विषय काढला नाही, चहा आणून दिला.

चूक कुठे झाली हे कळायला आठवडा गेला, आणि कळलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. गुडघाभर उंच वाफे कशासाठी? पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून. कुठला पाऊस? आपल्या कोकणातला! इथे तुंबायला पाणी आहे कुठे? आणि पेरलं केव्हा? मस्कतच्या हिशोबाने. खाली हिवाळा हाच पिकाचा मोसम, कारण उन्हाळा जाळतो. इथे वर थंडीच मारते. म्हणजे मी चिपळूणच्या पावसासाठी वाफे बांधले, अल हैलच्या थंडीत बी पेरलं आणि राहायला होते सैकच्या डोंगरावर.

काँक्रीटचं तापमान बघायला अनुपकडे एक थर्मामीटर असतो. तो आता माझ्याकडे आहे. रोज उजाडताना मातीत खुपसते. कालच गंमत दिसली: फळीलगतची माती गार आणि कॅबिनच्या दगडी जोत्यालगतची चांगली कोमट. दगड दिवसा ऊन पितो आणि रात्री सोडतो. तेव्हा फळ्या काढून टाकतेय. दगडाच्या कडा रचणार, उंची वीतभर, आणि वाफा मधे खोलगट, म्हणजे पाणी जाणार नाही. पेरणी मार्चमध्ये.

अनुप म्हणाले, "आता पुरे नाही का?" एवढंच म्हणाले, पण मला लागलं. तुम्हीही मनात तेच म्हणत असाल. मला माहीत आहे, इथे नुसती भाजीच पिकवायची नाहीये. इथे पिकलं नाही तर मी शिकले ते वाया गेलं, नोकरी सोडली ती चूक होती आणि तुमचा अबोला बरोबर होता, असं मला स्वतःलाच मान्य करावं लागेल. ते मी करणार नाही. पुन्हा पेरणार आहे.

संध्या

*

सैक
२० जून १९९९

प्रिय आबा,
कडक जय भीम!

बसून वाचा. चष्मा लावा. आईला हाक मारून जवळ बसवा, नाहीतर तुम्ही वाचून पत्र खिशात टाकाल आणि तिला 'सगळं बरं आहे' एवढंच सांगाल.

आबा, पिकलं! असं पिकलं की ठेवायला जागा नाही. वाटाण्याच्या वेलांना मी साइटवरच्या सळया रोवून दिल्या, त्या वाकल्या. कोबी रश्मीच्या डोक्याहून मोठा. तिने स्वतः शेजारी बसून मोजून घेतला. फ्लॉवर पांढराशुभ्र, घट्ट. मेथी तीनदा कापली. खाली मस्कतला या दिवसांत रस्त्यावर चप्पल चिकटते, पानाला हिरवा रंग दिसत नाही, आणि इथे मी जून महिन्यात ओला वाटाणा सोलतेय. हुसैनमियाँनी मस्कतमध्ये हमरियातल्या त्यांच्या भावाच्या दुकानात एक पिशवी पाठवली, तर भाऊ फोनवर म्हणाला, थट्टा करू नको, विमानाने आलेला माल आहे.

पण आधी तुमच्या पत्राबद्दल. ते भीमजयंतीच्या आदल्या दिवशी हातात पडलं. चांगलं दोन पानी! आणि वर काय, तर 'विषय: थंड हवेतील भाजीपाला. संदर्भ: तुझे दि. २४ जानेवारीचे पत्र.' आबा, मी हसून हसून लोळले. लेकीला लिहिलेल्या पत्राला विषय आणि संदर्भ कोण घालतं? मग पुढे वाचलं आणि हसू गेलं. तुम्ही दापोलीला गेला होतात. गुडघा दुखत असताना, एस.टी.ने, माझ्या कॉलेजात. प्राध्यापकांच्या दारात उभं राहून विचारलंत की उंच डोंगरावर, जिथे दव गोठतं तिथे, वाफे कसे करावेत आणि पेरावं केव्हा. आणि त्यांनी सांगितलेलं सगळं मुद्देवार उतरवून काढलंत. 'पेरणी मार्च अखेर. कडा दगडी असल्यास उत्तम. फ्लॉवरची रोपे आधी घरात वाढवावीत.' त्यात रागाचा शब्द नाही, मायेचाही नाही. पाटीचा उल्लेखच नाही. मी ते पत्र घेऊन मागच्या दाराशी उभी राहिले आणि खूप रडले.

आता फुशारकी मारते, मारू द्या. तुमचं पत्र येण्याआधीच माझी पेरणी झाली होती. मार्चअखेर. कडा दगडाच्या. फ्लॉवरची रोपं अंड्यांच्या खोक्यांत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. प्राध्यापकांनी सांगितलं त्यातलं एकूण एक मी आधीच केलं होतं! तरी रात्री वाफ्यांवर सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या पांघरायचं त्यांना सुचलं नाही, ते माझं. पुढच्या वेळी गेलात तर त्यांना सांगा. मात्र तुमचं पत्र आलं तेव्हा कोंब बोटभरच होते आणि माझा जीव टांगणीला होता. त्यानंतर मला झोप लागायला लागली, एवढं मात्र खरं.

आता मुख्य हकिगत. महिन्याच्या सुरुवातीलाच कंपनीचे मालक पाहुणे घेऊन टाक्या बघायला वर आले. इथे मालकाला सगळे अर्बाब म्हणतात. खाली किनाऱ्याकडे बरकाला त्यांचे मोठे मळे आहेत. हुसैनमियाँनी जेवणात मटार पुलाव आणि कोबीची कोशिंबीर ठेवली. अर्बाबनी वाटाण्याचा एक दाणा बोटात धरला, दाबून पाहिला आणि विचारलं, "ये डब्बेवाला नहीं है. किधर से आया?"

हुसैनमियाँ ताठ उभे राहून म्हणाले, "मॅडमने लगाया है, अर्बाब. पीछे."

जेवण अर्धं टाकून सगळी वरात मागे! मी तेव्हा वाफ्यात गुडघे टेकून मुळे उपटत होते. आईचा निळा स्वेटर कोपरांवर फाटलेला, केसांत माती. त्यांनी सगळे वाफे फिरून पाहिले, कडेच्या दगडावर तळवा ठेवून पाहिला, आणि अनुपना म्हणाले, "बशमुहन्दिस, तुम्हारा मॅडम को पूछो, ये काम कहाँ सीखा?" बशमुहन्दिस म्हणजे इंजिनियरसाहेब.

अनुप तोंड उघडणार तेवढ्यात मी उठले. "मुझे ही पूछिए ना, अर्बाब. मैं बी.एस्सी. ॲग्रिकल्चर हूँ. सरकारी अफसर थी."

अनुपचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. अर्बाब एकदम खदखदून हसले. इथे 'तमाम' म्हणजे झकास. "तमाम, तमाम! मेरे बरका में चार मुहन्दिस बैठे हैं. जून में मुझे एक ककड़ी नहीं देते." मग माझ्याकडे वळून, मलाच विचारलं, की वाडीजवळ त्यांची एक जमीन पडून आहे, तिला फलजचं, म्हणजे डोंगरातल्या झऱ्याच्या पाटाचं, वाटणीचं पाणी आहे; तिथे असेच वाफे करशील का? माल या कॅम्पाला आणि त्यांच्या मस्कतच्या गेस्टहाऊसला.

मी म्हटलं, करीन, पण तीन गोष्टी. काय पेरायचं आणि केव्हा, हे मी ठरवणार. हाताखालच्या माणसांना पगार वेळेवर. आणि माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावरचा नको, नोकरीचा हवा. कुठून एवढं धाडस आलं कुणास ठाऊक. बहुतेक पायाखाली माझाच वाफा होता म्हणून.

"खलास," अर्बाब म्हणाले, म्हणजे ठरलं. "यल्ला, काम शुरू करो."

काल माझं लेबर कार्ड आलं. त्यावर अरबीत लिहिलंय, 'मुहन्दिस जिराई', कृषी अभियंता. इथे कृषी पदवीधराला तसंच म्हणतात. अनुप सांगतात, आता घरात दोन इंजिनियर झाले, स्वयंपाक कोण करणार. मी म्हटलं, सिव्हिलवाल्याने करावा, त्याला कालवायची सवय आहे.

नव्या जमिनीवर कामाला सुरुवात झाली. दगड रचायला चार माणसं आहेत, आणि पहिल्या दिवशी खताची पहिली पाटी मी उचलली. कुणी सांगितलं नव्हतं. मलाच उचलायची होती.

आबा, आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. कार्डावरचं अभियंता बघून तुमची छाती फुगेल, गावभर सांगाल, जरूर सांगा. पण मला त्याहून मोठं वाटतं ते वेगळंच आहे. तुम्ही तहसील कचेरीत आयुष्यभर लोकांना शेतकरी असल्याचे दाखले लिहून दिलेत. तुमच्याच वळणदार अक्षरात, टाक मोडेपर्यंत. दुपारी डबा घेऊन मी यायचे तेव्हा टेबलावर गठ्ठे बघायचे. त्या हजारो दाखल्यांत एकही आपल्या घराचा नव्हता. आजोबांनी जन्मभर भात लावला, आणि त्यांच्या नावापुढे शेवटपर्यंत मजूरच लागलं. जमीन नाही तर दाखला नाही, नियम तुम्हीच मला समजावला होता, अगदी शांतपणे. तुम्ही किती शांत होतात याचा मला आता, इतक्या वर्षांनी, राग येतो.

जमीन माझीही नाही, अर्बाबची आहे. तरी या दगडात जे उगवलंय ते मी उगवलंय, आणि तुमच्या तहसीलदाराची सही येण्याची वाट मी बघणार नाही. तेव्हा त्या दाखल्यांवरचा तो शब्द आज आपल्या घरात मी माझ्या नावापुढे लावते. तुम्ही तुमच्या हाताने एकदा कोऱ्या कागदावर लिहून बघा, आणि बरा दिसला तर तो कागद मला पाठवा.

आईला नमस्कार. रश्मी तोंडात वाटाणे भरून 'आबा जय भीम' म्हणतेय.

तुमची लेक,
संध्या
शेतकरी